रशियातला बाप आणि आमची बाज

आमच्या किन्हीराजा गावातल्या घरात एक बाज होती आणि तिच्यावर झोपायची कोणाची टाप नव्हती. घर तरी केवढं! एक खोली, पुढे छपरी आणि मागे न्हाणीला तुराट्यांचा आडोसा. त्या एवढ्याशा खोलीत ती बाज अर्धी जागा खाऊन पसरलेली, तिच्यावर धुतलेली वाकळ घडी करून ठेवलेली, आणि आम्ही दोघी मायलेकी खाली भुईवर. हिवाळ्यात सारवलेल्या जमिनीतून असा गारठा वर यायचा की मी मायच्या पोटात पाय खुपसून झोपायची. "माय, आजच्या दिवस बाजीवर झोपू दे ना वं," म्हटलं की तिचं ठरलेलं उत्तर, "तुया बाबाची हाय ते. ते आले अन् तू वर लोळत असली त मंग?"  पाहुणा आला तर त्यालाही पोतं अंथरून खाली बसवायची. एकदा तलाठी आले होते, त्यांनाही खालीच बसवलं, आणि ते बिचारे पँट सांभाळत कसेबसे मांडी घालून बसले, ते मला अजून दिसतात.

बाबा कोळशाच्या खाणीत काम मिळते म्हणून चांद्याकडे गेले होते. मी तेव्हा इतकी लहान होती की त्यांचं तोंड मला आठवत नाही. हे आधीच सांगून टाकते, उगाच आठवतं म्हणून लिहिण्यात अर्थ नाही. सुरुवातीला कोणाकोणाच्या हाती निरोप यायचे, एकदा लुगडं आलं, मग सगळं थंडगार. कोणी म्हणे तिकडे त्यांनी दुसरं घर केलं, कोणी म्हणे खाणीत दबले. माय दोन्हीकडचं ऐकून घ्यायची आणि सांगणाऱ्याला चहा द्यायची. चहा मात्र बिनदुधाचा.

गावाच्या खालच्या अंगाला एका माळ्याचा बगीचा होता, तिथं ती रोजानं जायची. मेथी, पालक आणि सांबार, म्हणजे कोथिंबीर, उपटायची, जुड्या बांधायच्या, आमच्या जवळच्या मालेगावच्या बाजाराची गाडी निघायच्या आत टोपल्या भरून द्यायच्या. घरी यायची तेव्हा तिच्या हाताला सांबाराचा वास असायचा. माळीण मोठ्या मनाची, मोडकीतोडकी भाजी ओच्यात टाकायची. मग आमच्या घरी ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकर, अंबाडीची भाजी नाहीतर नुसता ठेचा, वरून कच्चं तेल. आता डॉक्टरनं तेल बंद केलं आहे, तिखटही बंद केलं आहे, आणि मी रोज फिकी भाजी गिळते तेव्हा जीव अगदी विटून जातो. संध्याकाळी माय भाकरी थापायला बसली की बगीच्यातल्या पाण्याच्या इंजिनाची पुकपुक ऐकू यायची, आणि मग फाट्यावर मालेगावकडची गाडी थांबायची. गाडी थांबली की मायचा हात थांबायचा. फाट्यापासून घरापर्यंत माणूस चालत यायला जेवढा वेळ लागेल तेवढा वेळ परातीत पीठ तसंच. मग पुन्हा थापणं सुरू. एखादवेळी तव्यावरची भाकर करपायची आणि तिचा राग माझ्यावर निघायचा.

अशात मामानं मायसाठी शेलूबाजारचं स्थळ आणलं. माझा दगडूमामा, मायचा पाठचा भाऊ, फिरत्या टॉकीजमध्ये मशीन चालवायचा. गावोगाव तंबू ठोकायचा, खेळ दाखवायचा, उठायचा. शेलूबाजारला तंबू होता तेव्हा तिथल्या शाळेतल्या एका शिपायाशी त्याची ओळख झाली. आमच्यातलाच माणूस, बायको वारलेली, लेकरू नाही, पगारी नोकरी. पंचमंडळींचंही म्हणणं पडलं की इतक्या वर्षांत ज्याचा ठावठिकाणा नाही त्याची वाट पाहात बाईनं जन्म काढावा असं कोण्या धर्मात लिहिलं नाही, आपल्या तर मुळीच नाही. बुद्धवंदना घ्यावी, दोन हार घालावे, मोकळं व्हावं. शिपाई एकदा आमच्या घरी येऊन गेले. पोत्यावर बसले. बाजेकडे त्यांनी पाहिलं, सगळं समजल्यासारखं. मला फुटाण्याचा पुडा दिला आणि म्हणाले, "आमच्या घरी बिजली हाय, पोरी. तुले अभ्यासाले बरं पडन." खरं सांगते, मी त्या घटकेला त्यांच्या मागे जायला तयार होती. मला बाप नको होता का? हवा होता. चांद्याचा नाही तर शेलूबाजारचा! पण माय नुसती "पाहातो," म्हणायची. आमच्याकडे बायकाही पाहातो, जातो, असंच बोलतात. मामा चिडायचा, "पाहातो पाहातो म्हणू म्हणू केस पिकतीन, अक्का." शेवटी येत्या बाजाराच्या दिवसापर्यंत होय का नाही ते सांगायचं ठरलं. तिकडे शिपायालाही दुसरी स्थळं येतच होती.

त्याच आठवड्यात मामाचा तंबू मालेगावला लागला, जिनिंगच्या आवारात. मामा स्वतः गाडीनं घ्यायला आला. मायला सिनेमाचा भारी कंटाळा. "मले कायले नेतं? रोज बुडते माहा," म्हणाली. मामा हटून बसला. "हा खेळ तुले पाहाच लागते, अक्का. रशियाचा हाय. बाईमानसाचा हाय. बाकी मी काई सांगत नाई." मामानं कधी कोणता खेळ पाहा म्हणून असा आग्रह धरल्याचं आम्हाला आठवत नव्हतं, म्हणून माय निघाली असावी. मी तर बसमध्ये खिडकीशी जाऊन केव्हाच बसली होती.

रशियाचा खेळ मालेगावला कसा आला त्याची गंमत अशी, की तंबूच्या सेठनं अमरावतीहून हिंदी मारधाडीचा सिनेमा मागवला होता. त्याची पेटी भलतीकडेच अडकली, आणि हा बदली म्हणून स्वस्तात आला. बोर्डावर रंगाऱ्यानं त्याच्या मनानंच एक बंदूकवाला काढला होता. आवारात सरकी आणि रुईचा वास, तंबूच्या कापडाला कापसाचे पुंजके चिकटलेले. दिवेलागणीला सेठनं मशीनपुढे नारळ फोडला, खोबऱ्याचा तुकडा आमच्याकडेही आला. बायकांची बाजू कनातीनं वेगळी केलेली. आम्ही पोतं अंथरून बसलो.

तो सिनेमा म्हणजे एका म्हाताऱ्या माणसाच्या लहानपणाची आठवण होती. तो माणूस काही दिसत नव्हता, नुसता त्याचा आवाज. हिंदीत कोणीतरी एकच बाप्या माणूस सगळ्यांचं बोलत होता, आईचंही तोच आणि पोराचंही तोच. आवाज सांगायचा की हे आमचं घर, ही माझी आई, आणि मग पडद्यावर ती आई दिसायची. लाकडाचं घर, भिंतीतली मोठी चूल, खिडकीत वाटीत ठेवलेली कांद्याची पात. आई कणीक तिंबायची, लाकडाच्या परातीत, दंडापर्यंत पीठ. पोरगा खाली बसून बटाटे सोलायचा. बाप लढाईवर गेलेला. गोष्ट म्हणाल तर एवढीच, आणि तीही सरळ नाही. आत्ता पोरगा मोठा, आत्ता लहान, मध्येच घोडा, मध्येच कोणाचं तरी लग्न. आठवणीला कुठं शेंडाबुडखा असतो! मी आता हे लिहायला बसली आहे तर रोज तेच होतं, एक ओढायला जावं तर दुसरंच हाती येतं. पण तेव्हा तंबूतल्या पुरुषांच्या बाजूनं शिट्ट्या सुरू झाल्या. "अबे, बंदूकवाला कुठी हाय?" म्हणून ओरडले.

बायका मात्र रमल्या. मध्ये बर्फ पडायला लागला तर आमच्या शेजारची एक म्हातारी म्हणाली, "पाह्य वं माय, केवढा कापूस! अन् येचाले एकबी बाई नाई." दुसरी म्हणाली, "इकडे मजुरी मिळत नाई अन् तिकडे माल वाया चालला." सगळ्या बायका पदर तोंडाला लावून हसल्या. मायही हसली. मग त्या रशियातल्या आईनं जेवायच्या टेबलावर तीन चमचे मांडले, एक तिचा, एक पोराचा आणि एक तसाच पडून राहिला. तेव्हा मायचं हसू गेलं. ती सरकून पुढे बसली. माझा हात तिनं हातात घेतला आणि पुढच्या सगळ्या खेळभर सोडला नाही. माझी बोटं दुखत होती.

रीळ संपलं की दिवे लागायचे, मामा दुसरं चढवायचा. शेवटून दुसरं रीळ चढवायला त्या दिवशी फार वेळ लागला. मशीनपाशी सेठ आणि मामा काहीतरी हुज्जत घालत होते, सेठचा हात वर-खाली होताना दिसत होता. मग दिवे गेले आणि पडद्यावर सकाळ होती. बाप लढाईचे कपडे घालून अंगणात उभा, आई खांद्यावर टॉवेल घेऊन फाटकाशी. बाप चालू लागला. आई हललीसुद्धा नाही. तेवढ्यात आवाज गेला. त्या माणसाचं बोलणं बंद, मागचे गाण्याचे सूरसुद्धा बंद, मशीनची तेवढी घरघर. लोकांनी बोंबा मारल्या, "ऑपरेटर, झोपला का बे?"  आई आत गेली आणि तिनं पुन्हा परात ओढली, एवढं मुक्यामुक्यानं दिसलं. मग आवाज आला, रीळ संपलं, आणि शेवटचं लागलं.

त्या शेवटच्या रिळात बाप परत आला. दारात उभा, दाढी वाढलेली. पोरगा त्याला ओळखेना, आईच्या मागे लपला. आईनं काही रडारड केली नाही. त्याचे ओले बूट ओढून काढले, चुलीपाशी ठेवले. तो पडून राहिलेला चमचा पुसून त्याच्या हातात दिला. मग बाप खाटेवर झोपला, मेल्यासारखा झोपला, आणि आई त्याच्या उशाशी बसून नुसती पाहात राहिली. खेळ संपला. पुरुषांनी थोडी कुरकुर केली, पण बायका कशा तृप्त होऊन उठल्या! "आला बाप्पा एकदाचा," म्हणत घरी गेल्या. मायचं तोंड मी दिव्याच्या उजेडात पाहिलं. तसं तोंड मी त्याआधी पाहिलं नव्हतं आणि नंतर पाहायला मिळालं असंही नाही.

रात्री मालेगावलाच मामा-मामीच्या घरी मुक्काम केला आणि दुसऱ्या दिवशी आम्ही गावी आलो. मायनं आल्याबरोबर बाज अंगणात काढली, ढेकणांपायी तिच्या पायांवर गरम पाणी ओतलं, ढिल्या दोऱ्या पायानं रेटून ताणल्या, वाकळ पुन्हा धुतली. बाजाराच्या दिवशी मामा आला. तिनं त्याला पाणी दिलं आणि म्हणाली, "त्यायले सांग, दुसरी पाहा म्हणा." मामा भिंतीकडे पाहात राहिला. मला वाटलं तो नेहमीसारखा भांडेल. तो पाणी पिऊन उठला आणि फाट्याकडे चालू लागला. मीच रडली, हातपाय आपटले, "मले बिजलीच्या घरी जाचं हाय," म्हणाली, आणि मायनं मला मारलं. शिपायाचं लग्न त्याच उन्हाळ्यात झालं.

बाबा आले नाहीत. आता हे वेगळं सांगायला पाहिजे असं नाही. मी शिकत गेली, चिमणीच्या उजेडातच शिकली, आणि शिष्यवृत्तीवर नागपूरला कॉलेजात गेली. तिथं मुलींच्या वसतिगृहात एकदा निरोप आला की दुपारी कॉलेजच्या हॉलमध्ये रशियन सिनेमा आहे, फुकट आहे. आम्ही चारपाच जणी पंख्याखाली बसायला म्हणून गेलो. पडद्यावर लाकडाचं घर आलं, खिडकीत कांद्याची पात आली, आणि माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. तोच हिंदी आवाज. मी शेजारणीला म्हटलं, "हा मी पाहिला आहे, शेवटी बाप येतो." बाप आला, पण शेवटी नाही. आधीच आला. बूट काढले, चमचा दिला, झोपला, आई पाहात बसली. मला वाटलं संपलं. पण रीळ बदललं आणि सकाळ उजाडली, अंगण, फाटक, खांद्यावर टॉवेल. मालेगावला जिथं मशीन मुकं झालं होतं तिथं आता तो म्हातारा आवाज स्पष्ट बोलला, की बापाला आम्ही त्या सकाळी पाहिलं ते शेवटचं, तो परत आला नाही. आई आत गेली, परात ओढली, कणीक तिंबायला लागली. संपलं. हॉलमध्ये टाळ्या पडल्या. माझ्या अंगाची लाहीलाही झाली होती. कोणी सांगावं, तिथं मामा असता तर मी त्याची गचांडी धरली असती.

सुट्टीत गावी जाताना मी आधी मालेगावला उतरली. टॉकीज केव्हाच बसलं होतं, मामा आता बसस्टँडजवळ सायकलींचे पंक्चर काढायचा. मी उभ्याउभ्याच विचारलं, "मामा, रशियाच्या खेळात शेवटी बाप जाते. तुमी तो आणला कसा?"

मामानं ट्यूब पाण्यात धरली होती, ती तशीच धरून ठेवली. बुडबुडे निघत होते. "मालूम पडलं का तुले," म्हणाला.  "मी अक्काले तो जातानीच दाखवाले आणलं होतं, पोरी. मी सांगू सांगू थकलो होतो. म्हटलं, माह्या तोंडून आयकत नाई, पडद्यावर पाहीन त समजन. पण आंधीच्या गावाले लोकायनं शेवटी गोटे मारले ना पडद्यावर. म्हणे, मानूस गेला अन् खेळ खतम? सेठची रीतच होती, पहिल्या दिवशी बाया रडत घरी जाऊ द्याच्या नाई, तंबूले नजर लागते. ऐन टायमाले म्हणे, दगड्या, शेवटचे दोन डबे पालट. मी म्हटलं, आजच्या दिवस नको सेठ, माही बहीण बसेल हाय. तो म्हणे, तुया बहिणीपायी माहा तंबू फाडू का? मंग पालटले मी. ह्याच हातानं पालटले. तो म्हातारा बोलते तिथं आवाज बी मीच बंद केला."

"मंग सकाळी सांगाचं होतं ना तिले! दोन शब्द सांगाले काय झालं होतं?"

"सांगाले उठलोच होतो. तं अक्का चुलीपाशी बसून गानं म्हणून राह्यली होती. तुह्या मामीनं मले डोळ्यानं खुणावलं, पाहा म्हणे. तुहा बाप गेल्यापासून तिचं गानं आयकलं नव्हतं वं मी. माही जीभच उचलली नाई." त्यानं ट्यूब पाण्यातून काढली आणि पुसायला लागला. "तूच सांग आता. माह्यानं होत नाई." मला त्याचा इतका राग आला होता, आणि तो तिथं चिखलात उकिडवा बसलेला पाहून तो राग कुठं ठेवावा ते कळेना.

घरी गेली तर माय भाकरी थापत होती. मी तिच्यासमोर बसली आणि सगळं सांगितलं, कोणता डबा आधी, कोणता मागून, सेठ काय म्हणाला, आवाज का गेला. माझा आवाज चढत गेला. "त्या एका खेळापायी तू शिपायाले नाई म्हटलं, माय. फसवलं तुले." ती ऐकत होती आणि थापत होती. पोरगी शिकून आली आहे, बोलू द्यावं, अशा तोंडानं ऐकत होती.

"मंग बाप गेल्यावर त्या पोराच्या मायनं काय केलं?" तिनं विचारलं.

"काय करणार? घरात गेली, कणीक तिंबली."

"मंग झालं त," माय म्हणाली. "मी काय दुसरं केलं?"

मला रडू फुटलं. तिनं पिठाच्या हातानंच माझ्या डोक्यावर एक टप्पल मारली. "रडतं कायले? दगडूवर बी चिडू नको. खेळ त्यानं पालटला, पण थांबली त मी ना. त्या खेळापायी थांबली असन एखादं वरीस. पुढं त आदतच झाली." तेवढ्यात फाट्यावर गाडी थांबली. मायचा हात परातीत थांबला. तिनं त्या हाताकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि फसकन हसली. "हे पाह्य," म्हणाली, "ह्याले कोण सांगन आता?"

जेवणं झाली. तिनं भांडी घासली, चूल सारवली, आणि मी अंथरूण घालायला लागली तर म्हणाली, "माहं खाली टाकू नको. कंबर मोडून राह्यली माही. मी आज बाजीवर निजतो." तिनं ती घडीची वाकळ उलगडली. इतक्या वर्षांच्या घड्या, उलगडूनही त्या जागी रेघा दिसत होत्या. बाज कुरकुरली, माय आडवी झाली आणि लगेच झोपली. तिचा एक हात बाहेर लोंबत होता, तो मी उचलून आत ठेवला. मी खाली बसून तिच्याकडे पाहात राहिली. वाटलं, चला, उशिरा का होईना, मायला बाज मिळाली.

सकाळी माय उठली ती पाठीला हात लावूनच. "काई खरं नाई वं त्या बाजीचं," म्हणाली, "सारी पाठ धरली. सवय राह्यली नाई." त्या रात्री ती पुन्हा माझ्याजवळ खाली भुईवर झोपली, आणि पुढं मरेपर्यंत खालीच झोपली. बाज मात्र तिनं बाहेर काढली ती परत आत नेली नाही. अंगणात उन्हात टाकली आणि तिच्यावर मिरच्या वाळत घातल्या.